मंचावरचा उजेड आणि कॅमेऱ्याचा हिशेब

संगीतमंचावरील प्रकाशयोजना प्रेक्षकांच्या डोळ्यांसाठी केलेली असते, कॅमेऱ्यासाठी नव्हे, आणि बँडच्या प्रत्यक्ष कार्यक्रमाचे छायाचित्रण करताना येणाऱ्या बहुतेक अडचणी या एका वस्तुस्थितीतून उद्भवतात. डोळा अंधाराला सरावतो, मेंदू उजळ आणि काळोख्या भागांचा मेळ घालतो, आणि त्यामुळे सभागृहातील श्रोत्याला गायकाचा चेहरा पुरेसा उजळ आणि मागच्या सावलीतला ड्रमवादकही ओळखण्याइतका स्पष्ट वाटतो. कॅमेऱ्याला मात्र त्याच्या सेन्सरवर, म्हणजे प्रतिमा टिपणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पृष्ठभागावर, प्रत्यक्षात जितका प्रकाश पडेल तितक्यावरच भागवावे लागते. एखाद्या पृष्ठभागावर किती प्रकाश पडतो हे मोजण्याचे एकक म्हणजे लक्स. दुपारच्या थेट उन्हात सुमारे १,००,००० लक्स असतात, नीट उजळलेल्या कार्यालयातील मेजावर ३०० ते ५०० असतात, आणि लहान क्लबच्या मंचावर गायकाच्या चेहऱ्यावर १०० लक्स मिळाले तरी छायाचित्रकाराने ते पुरेसे मानावे, अशी परिस्थिती असते.

या शंभर लक्सचा विनियोग तीन मार्गांनी करता येतो. पहिला मार्ग ॲपर्चरचा, म्हणजे लेन्समधील प्रकाशद्वाराच्या आकाराचा. हा आकार एफ या आकड्याने दाखवतात आणि आकडा जितका लहान तितके द्वार मोठे असते. दुसरा शटरच्या वेळेचा, म्हणजे सेन्सर किती काळ उघडा राहतो याचा. आणि तिसरा आयएसओचा, म्हणजे मिळालेल्या प्रकाशापासून बनलेला संकेत किती वाढवून घ्यायचा याचा. शंभर लक्सच्या उजेडात एफ २.८ आणि आयएसओ १०० ठेवले तर योग्य उजळपणासाठी शटर साधारण पाव सेकंद उघडे ठेवावे लागते, आणि तेवढ्या वेळात उडी मारणारा गिटारवादक तर सोडाच, स्तब्ध उभा असलेला गायकही पुसट होतो. हालचाल गोठवण्यासाठी १/२५० सेकंद हवा असेल तर त्याच लेन्सवर आयएसओ ६४०० पर्यंत न्यावे लागते. लेन्स एफ १.४ ची असेल तर १६०० वर काम भागते, पण तेव्हा किंमत दुसऱ्या ठिकाणी मोजावी लागते. ८५ मिलिमीटरच्या लेन्सने, एफ १.८ वर, तीन मीटर अंतरावरील चेहरा टिपताना स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम १३ सेंटिमीटर खोल असतो, आणि तालावर पुढेमागे झुलणारा वादक एका मात्रेत तो ओलांडून जातो. थोडक्यात, प्रत्येक निवडीत काहीतरी गमवावे लागते, आणि काय गमवायचे हे यंत्रावर न सोडता स्वतः ठरवणे हाच या कलेचा गाभा आहे. स्वयंचलित रचनेवर भिस्त ठेवणाऱ्याची फसगत होते, कारण चौकटीचा मोठा भाग काळा असतो, यंत्र त्या काळोखाला करड्या पातळीवर आणू पाहते, आणि प्रकाशझोतात उभ्या असलेल्या गायकाचा चेहरा पांढरा पडून त्यातील तपशील कायमचा नाहीसा होतो. म्हणून अनुभवी छायाचित्रकार प्रकाशमापन केवळ चेहऱ्यापुरते करतात किंवा तिन्ही आकडे हाताने ठरवतात.

फिल्मच्या काळात या हिशेबाला आजच्यापेक्षा फारच कमी वाव होता. कोडॅकची ट्राय-एक्स ही कृष्णधवल फिल्म ३५ मिलिमीटरच्या आकारात १९५४ साली आली. तिची संवेदनशीलता पुढे ४०० म्हणून रूढ झाली, आणि जॅझ क्लबांपासून रॉकच्या मोठ्या सभागृहांपर्यंत पुढची कित्येक दशके तिच्याच भरवशावर टिपली गेली. वर सांगितलेल्या उजेडात एफ २ च्या लेन्सने ४०० वर सुमारे १/३० सेकंद मिळतो, आणि तो गात्या माणसासाठी अपुरा आहे. त्यामुळे फिल्म ‘पुश’ करण्याची रीत पडली: फिल्म १६०० ची आहे असे समजून चित्रे घ्यायची आणि नंतर डेव्हलपरमध्ये ती नेहमीपेक्षा अधिक वेळ ठेवायची. यामुळे १/१२५ सेकंद हाती येतो, परंतु ज्या सावल्यांत प्रकाश पोचलाच नाही तेथे जास्त वेळ धुऊनही काही उमटत नाही. फक्त उजळ भाग अधिक दाट होतात, विरोध तीव्र होतो आणि चांदीचे कण ठसठशीत दिसू लागतात. काळ्या पार्श्वभूमीतून अर्धाच चेहरा उजळून आलेला आणि पोत भरड, ही रॉक छायाचित्रांची जी दृश्यभाषा पुढे शैली म्हणून गौरवली गेली, तिचा मोठा वाटा या रासायनिक नाइलाजाचा आहे.

डिजिटल कॅमेऱ्यांनी ही मर्यादा पुष्कळ मागे सारली. निकॉनचा डी३ हा कॅमेरा २००७ मध्ये आला आणि आयएसओ ६४०० वर छापण्याजोगे रंगीत चित्र मिळू लागले, ही या क्षेत्रातील निर्णायक घटना होती. तरीही आयएसओ वाढवल्यामुळे चित्रात ‘नॉइज’, म्हणजे रंगीत ठिपक्यांची खरखर, निर्माण होते हा समज अर्धवट आहे. प्रकाश सलग धारेसारखा पडत नाही; तो फोटॉन या सुट्या कणांच्या रूपाने, पावसाच्या थेंबांप्रमाणे अनियमितपणे पडतो. सेन्सरच्या एखाद्या बिंदूवर सरासरी १०,००० फोटॉन पडत असतील तर त्यात नैसर्गिक चढउतार सुमारे १०० चा, म्हणजे एक टक्क्याचा असतो. पण केवळ १०० फोटॉन पडत असतील तर चढउतार १० चा, म्हणजे दहा टक्क्यांचा होतो, आणि तोच डोळ्यांना खरखरीच्या रूपात दिसतो. तेव्हा दोष मुख्यतः प्रकाशाच्या तुटवड्याचा असतो, आकड्याचा नव्हे. आयएसओच्या भीतीने तो कमी ठेवून काळपट चित्र घेणारा आणि नंतर संगणकावर ते उजळणारा नवशिक्या छायाचित्रकार सावल्यांतील खरखर कमी करत नाही, पुष्कळदा वाढवतो. या विषयात सर्वाधिक नुकसान याच गैरसमजामुळे होत असावे.

प्रकाशाच्या प्रमाणापेक्षाही अवघड प्रश्न आज रंगाचा झाला आहे. पूर्वी मंचावर तप्त तारेचे दिवे असत. त्यांपैकी पार नावाने ओळखले जाणारे डबे तर हजार-हजार वॉटचे असत आणि त्यांच्यापुढे रंगीत जिलेटिन कागद लावलेला असे. तप्त तारेच्या प्रकाशात सर्व रंग सलगपणे मिसळलेले असतात आणि कागद त्यांतील काही अडवतो, तरी इतर रंग थोडेबहुत झिरपतातच. म्हणून लाल झोतातही कातडीचा, केसांचा आणि गिटारच्या लाकडाचा वेगळेपणा टिकून राही. एलईडी दिव्यांचे तसे नाही. शुद्ध लाल किंवा शुद्ध निळ्या एलईडीचा प्रकाश वर्णपटाच्या अरुंद पट्ट्यापुरता असतो, आणि जो रंग मंचावर पडलाच नाही तो नंतर कोणत्याही संगणक-प्रणालीला चित्रात आणता येत नाही.

सेन्सरची रचना या अडचणीत भर घालते. कोडॅकमधील वैज्ञानिक ब्राइस बायर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आणि १९७६ साली पेटंट मिळालेल्या रचनेनुसार सेन्सरच्या निम्म्या बिंदूंवर हिरवी, एक चतुर्थांशावर लाल आणि उरलेल्या चतुर्थांशावर निळी गाळणी असते. मंच केवळ लाल उजेडाने भरला की तीन चतुर्थांश बिंदूंना जवळजवळ काहीच मिळत नाही आणि एक चतुर्थांश बिंदू ओसंडून जातात. कॅमेऱ्याचा सरासरी प्रकाशमापक चित्र अंधारे असल्याचे सांगत राहतो, आणि प्रत्यक्षात गायकाचा गाल लाल रंगाचा एकसंध, तपशीलहीन डाग झालेला असतो. यावर उपाय असा, की उजळपणाचा एकत्रित आलेख न पाहता लाल, हिरवा आणि निळा यांचे स्वतंत्र आलेख पाहावेत, लाल झोतात एक्स्पोजर, म्हणजे चित्राचा एकूण उजळपणा, मुद्दाम कमी ठेवावे, आणि चित्र रॉ स्वरूपात, म्हणजे सेन्सरने दिलेल्या मूळ नोंदी न दडपता, साठवावे. बरेच छायाचित्रकार अशी चित्रे शेवटी कृष्णधवल करतात. तो पळपुटेपणा मानण्याचे कारण नाही, कारण एकाच रंगाच्या उजेडातील चित्र मुळातच एकरंगी असते आणि छटांचा उतार दाखवण्यासाठी करडा रंग लालपेक्षा अधिक उपयोगी पडतो.

निळ्या उजेडाची बाब भारतीय मंचाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्य लहान तरंगलांबीचा, म्हणजे निळ्या-जांभळ्या बाजूचा, प्रकाश अधिक शोषून घेते. त्यामुळे गव्हाळ किंवा सावळ्या वर्णाच्या गायकाचा चेहरा निळ्या झोतात पुष्कळच काळवंडतो आणि त्याच वेळी त्याचा पांढरा सदरा झळझळीत राहतो. सदऱ्यावरून मापन केले तर चेहरा हरवतो, चेहऱ्यावरून केले तर सदरा जळतो. याचे खरे उत्तर कॅमेऱ्यात नसून दिव्यांच्या नियंत्रण-मेजामागे बसलेल्या व्यक्तीकडे असते: समोरून अंबर किंवा उबदार पांढऱ्या रंगाचा हलका झोत ठेवला तर निळ्या पार्श्वभूमीचा परिणाम न बिघडता चेहरे वाचतात. मराठी रंगभूमीला प्रकाशयोजनाकाराचे महत्त्व सांगावे लागत नाही, नाटकाच्या जाहिरातीतही त्याचे नाव छापले जाते. बँडच्या कार्यक्रमांत मात्र हा कलावंत बहुतेक वेळा निनावी राहतो. जो छायाचित्रकार कार्यक्रमापूर्वी त्याच्याशी चार शब्द बोलतो आणि कोणत्या गाण्यात कोणता उजेड येणार हे विचारून घेतो, त्याला कोणत्याही महागड्या लेन्सपेक्षा मोठे साहाय्य मिळालेले असते.

एलईडीचा आणखी एक गुण डोळ्यांना जाणवत नाही. हे दिवे मंद करण्यासाठी त्यांचा प्रवाह सेकंदाला शेकडो वा हजारो वेळा चालू-बंद केला जातो, आणि आवाज टाळण्यासाठी वापरले जाणारे इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सरच्या ओळी एकामागून एक वाचते. दोहोंचा मेळ न बसल्यास चित्रात आडवे काळे पट्टे उमटतात. सर्व ओळी एकाच क्षणी वाचणारा ग्लोबल शटर सोनीने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या ए९ थ्री या कॅमेऱ्यात आला, तरी सामान्यतः यांत्रिक शटर वापरणे आणि वेग थोडा उतरवणे हाच व्यवहार्य मार्ग आहे.

उजेड कमी असेल तर तो स्वतः आणावा, हा विचार जुना आहे आणि त्याचा इतिहास उद्बोधक आहे. अमेरिकेत विल्यम गॉटलीब यांनी वॉशिंग्टन पोस्टमध्ये जॅझविषयी सदर लिहिताना कॅमेरा हाती घेतला तो वृत्तपत्र छायाचित्रकाराचा खर्च देईना म्हणून. ते स्पीड ग्राफिक हा अवजड कॅमेरा आणि एकदाच पेटणारे फ्लॅशबल्ब वापरत, आणि बल्ब व फिल्म दोन्ही पदरमोड करून आणावे लागत असल्याने एका रात्रीत मोजकीच चित्रे घेत. न्यूयॉर्कच्या क्लबांत १९४०च्या दशकाच्या अखेरीस हर्मन लेनर्ड यांनी निराळी वाट काढली. ते आपले दिवे मंचावरील झोताच्या जवळ आणि वादकाच्या मागे ठेवत, जेणेकरून कॅमेऱ्याचा प्रकाश जागेच्या मूळ प्रकाशाच्या दिशेनेच यावा आणि हवेतील सिगारेटचा धूर मागून उजळावा. रॉयल रूस्ट या क्लबमध्ये १९४८ साली त्यांनी घेतलेल्या सॅक्सोफोनवादक डेक्स्टर गॉर्डन यांच्या चित्राचे सामर्थ्य याच मांडणीत आहे.

कॅमेऱ्यावर बसवलेला समोरचा फ्लॅश याच्या नेमके उलट वागतो. त्याचा प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात क्षीण होत जातो, त्यामुळे पुढचा गायक भगभगीत उजळतो, मागचा ड्रमवादक काळोखात जातो, आणि मंचावर कोणीतरी विचारपूर्वक रचलेला सारा प्रकाश पुसला जातो. शिवाय वादकाच्या डोळ्यांपुढे अंधारी येते. आजच्या मंचावर फ्लॅशला बंदी असते ती शिष्टाचार म्हणून. पण ती नसती तरी चित्राच्या हिताचे कारण पुरेसे होते.

तांत्रिक बाजू सांभाळल्यानंतरचे काम कानाचे आहे. गाण्याची रचना ओळखणाऱ्या छायाचित्रकाराला ध्रुवपदाआधीचा थांबा, सोलो संपताना मागे झुकणारी मान, दोन वादकांनी एकमेकांकडे पाहून समेवर येण्याचा क्षण आधीच कळतो, आणि हालचाल शिखरावर पोचून क्षणभर स्थिरावते तेव्हा १/१२५ सेकंदही पुरतो. मायक्रोफोन तोंडाला भिडलेला असताना समोरून घेतलेल्या चित्रात चेहऱ्याचा खालचा भाग झाकला जातो. म्हणून थोडे बाजूला उभे राहून, ओळ संपल्यावर गायक श्वासासाठी तोंड दूर नेतो त्या वेळेची वाट पाहावी लागते. ड्रमवादकाच्या बाबतीत चेहरा स्पष्ट आणि काठ्या किंचित पुसट हा मेळ सर्वांत खरा वाटतो, कारण पूर्ण गोठलेल्या काठीतून वेग निघून जातो. बैठकीच्या मैफलीत, जेथे गायक बसलेला असतो, १/६० सेकंदावर चेहरा टिपता येतो. मात्र तानेबरोबर फिरणारा हात तेवढ्यात पुसट होतोच, आणि होऊ द्यावा.

स्पष्टता हेच चित्राचे अंतिम मूल्य नाही, याचा सर्वांत ठळक पुरावा सप्टेंबर १९७९ मध्ये न्यूयॉर्कच्या पॅलेडियम सभागृहात मिळाला. द क्लॅश या ब्रिटिश बँडचे बासवादक पॉल सिमनन यांनी त्या रात्री आपली बास गिटार मंचावर आपटली आणि मंचाच्या बाजूला उभ्या असलेल्या पेनी स्मिथ यांनी तो क्षण टिपला. चित्र फोकसबाहेर होते आणि अल्बमच्या मुखपृष्ठासाठी ते वापरू नये असे स्वतः स्मिथ यांचे मत होते; गायक जो स्ट्रमर आणि मुखपृष्ठकार रे लाउरी यांनी मात्र त्याचाच आग्रह धरला. ‘लंडन कॉलिंग’ या अल्बमवर ते आले, २००२ मध्ये ब्रिटनच्या क्यू मासिकाने त्याला रॉकच्या छायाचित्रांत पहिले स्थान दिले आणि २०१० मध्ये ब्रिटिश टपाल खात्याच्या तिकिटावरही ते मुखपृष्ठ झळकले. वाकलेली पाठ, खाली लपलेला चेहरा, उलटी धरलेली गिटार यांची आकृती इतकी पूर्ण आहे की कडा तीक्ष्ण असत्या तरी तिच्यात भर पडली नसती. येथे स्मिथ यांच्या हातून स्पष्टता गेली आणि क्षण राहिला. उलट निवड झाली असती, तर ते चित्र आज कोणाला आठवले असते असे वाटत नाही.

असा क्षण टिपण्यासाठी छायाचित्रकार शेवटपर्यंत तेथे असावा लागतो, आणि आजच्या मोठ्या कार्यक्रमांत तीच सोय नाकारली जाते. मंच आणि प्रेक्षकांना अडवणारा कठडा यांच्यामधील अरुंद पट्टीला पिट म्हणतात. तेथे छायाचित्रकारांना पहिल्या तीन गाण्यांपुरता, फ्लॅशविना प्रवेश देण्याचा प्रघात जगभर रुळला आहे. पहिल्या तीन गाण्यांत कलाकार ताजातवाना दिसतो हे खरे, पण घाम, थकवा आणि बेभानपणा येतो तो नंतर. जिम मार्शल, ज्यांनी १९६९ मध्ये सॅन क्वेंटिन तुरुंगातील गायक जॉनी कॅश यांचा कार्यक्रम टिपला, पूर्ण प्रवेश नसेल तर काम स्वीकारत नसत, आणि त्यांच्या चित्रांतील जवळीक त्या अटीतून आलेली आहे. पिटमध्ये उभे राहण्याला शरीराचीही मर्यादा आहे, कारण खर्जाचे स्पीकर तेथेच, मंचाच्या पायाशी असतात. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्यविषयक संस्था नायॉश हिच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सुरक्षित मानला जातो आणि पुढे दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते. या हिशेबाने १०० डेसिबलला केवळ १५ मिनिटे मिळतात, म्हणजे साधारण तीन गाण्यांचाच वेळ. कानात बोळे न घालता हे काम वर्षानुवर्षे करणाऱ्यांनी आपली श्रवणशक्ती पणाला लावलेली असते.

महाराष्ट्रात या छायाचित्रणाची जडणघडण विशिष्ट जागांशी बांधलेली आहे. मुंबईत १९८६ साली सुरू झालेला इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव आणि धोबी तलावजवळील रंगभवन हे खुले नाट्यगृह यांनी शहरातील रॉकश्रोत्यांची एक पिढी घडवली; रुग्णालये आणि शिक्षणसंस्थांच्या भोवतालच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्राचा नियम लागू झाल्यावर रंगभवनातील मैफली थांबल्या. लोअर परळच्या गिरणी आवारात २००७ ते २०१६ या काळात चाललेल्या ब्लू फ्रॉग या क्लबने बँडला ध्वनी आणि प्रकाश यांची नेटकी व्यवस्था दिली, आणि पुण्यात २०१० पासून एनएच७ वीकेंडर हा संगीत महोत्सव भरू लागला. ध्वनिप्रदूषणाविषयीच्या २०००च्या नियमांनी रात्री दहानंतर खुल्या जागेत ध्वनिवर्धकाला मनाई केली, वर्षातील थोड्या दिवसांसाठी मध्यरात्रीपर्यंतची सवलत ठेवली, आणि त्यामुळे पुण्यातील सवाई गंधर्व महोत्सवाच्या रात्रभर चालणाऱ्या मैफली इतिहासजमा झाल्या. छायाचित्रकारावर या नियमाचा परिणाम सहसा लक्षात घेतला जात नाही: खुल्या मैदानातील बँड दुपारीच मंचावर येऊ लागतात, हिवाळ्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि अर्ध्या-पाऊण तासात तोच मंच हजारो लक्सवरून काही डझन लक्सवर उतरतो. या संधिकाळात आकाशाची निळाई आणि दिव्यांचा रंग काही मिनिटे समान पातळीवर येतात, तेव्हा पार्श्वभूमीतील झाडे, गर्दी आणि मंच एकाच चौकटीत वाचता येतात. ज्या बँडच्या वाट्याला ही वेळ येते तो मुख्य आकर्षण नसतो, पण दिवसातील उत्तम चित्रे अनेकदा त्याचीच असतात.

चित्र घेतल्यानंतर ते कोणाचे, हा प्रश्न उरतो. परदेशांत कलाकारांच्या करारपत्रांवरून वाद झाले आहेत. २०१५ मध्ये गायिका टेलर स्विफ्ट यांनी संगीतकारांच्या मोबदल्यासाठी ॲपल कंपनीला जाहीर पत्र लिहिले, तेव्हा जेसन शेल्डन या ब्रिटिश छायाचित्रकाराने त्यांच्याच दौऱ्यावरील छायाचित्रकारांसाठीच्या अटींवर जाहीर पत्राने बोट ठेवले, आणि पुढे त्या अटी बदलण्यात आल्या. भारतात १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार छायाचित्राचा कर्ता ते घेणारा असतो आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर छायाचित्रालाही कर्त्याच्या हयातीनंतर ६० वर्षे संरक्षण मिळते. मात्र एखाद्याच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन काढलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काम सांगणारा ठरतो. क्लबच्या मालकाकडून किंवा आयोजकाकडून रात्रीचे मानधन घेणाऱ्या तरुण छायाचित्रकाराने हे कलम माहीत करून घेणे निकडीचे आहे, कारण दोन ओळींचा लेखी करार त्याचा हक्क राखू शकतो.

जपणुकीचा प्रश्न याहून कठीण आहे. हर्मन लेनर्ड यांच्या हजारो छापील प्रती २००५ च्या कॅटरिना वादळात न्यू ऑर्लीन्सच्या घरी नष्ट झाल्या, परंतु निगेटिव्ह आधीच एका संग्रहालयाच्या तिजोरीत हलवलेल्या असल्याने बचावल्या. गॉटलीब यांची चित्रे अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने विकत घेतली आणि २०१० मध्ये ती त्यांच्या इच्छेनुसार सर्वांसाठी मुक्त झाली. तेथेही अनेक चित्रांखाली नेमके वर्ष नसून केवळ दोन वर्षांमधील अंदाज नोंदवलेला आहे. आपल्याकडील बँड दोन-चार वर्षांत मोडतात, वादक बदलतात, जागा बंद पडतात. डिजिटल फाइलमध्ये चित्राची वेळ सेकंदापर्यंत आपोआप नोंदली जाते, पण कोपऱ्यात बसलेल्या ड्रमवादकाचे नाव, त्या रात्री दिवे सांभाळणाऱ्याचे नाव आणि गाण्याचे शीर्षक कॅमेरा लिहीत नाही; फाइलच्या माहितीच्या रकान्यात ते छायाचित्रकारालाच, आणि शक्यतो नावे विचारण्याजोगी माणसे जागेवर असताना, भरावे लागते.